हात पसरलेला माणूस

साउथहॅम्प्टनला जायचं ठरलं ते बाबांमुळे. हर्णैला जन्मभर मासेमारी केलेला माणूस बेसिंगस्टोकच्या आमच्या फ्लॅटमधून आठवडाभर बिझनेस पार्कच्या गाड्या बघून कंटाळला होता. थेट ट्रेन आहे. जाणार असाल तर गर्दीची वेळ टाळून स्वस्त ऑफ-पीक तिकीट काढा आणि डबा घरून न्या. आम्ही बंदराजवळ बाकावर थालीपीठं खाल्ली. समोरचं क्रूझचं जहाज बघून बाबा म्हणाले, "ही तर तरंगती सोसायटी."

वारा झोंबायला लागला म्हणून एका छोट्या चित्रदालनात शिरलो. प्रवेश फुकट. तिथे अठराव्या शतकातलं एक रेखाचित्र होतं: थेम्स नदी, शिडाच्या जहाजांची दाटी, पिंपं उतरवणारे हमाल, आणि कोपऱ्यात उपड्या होडीला टेकून बसलेला एक माणूस. खालच्या पाटीवर त्याच्याबद्दल लिहिलं होतं, 'हात पसरून बसलेला भिकारी'. मी बाबांना वाचून दाखवलं.

बाबा अगदी जवळ जाऊन बघायला लागले.

"भिकारी? पाय बघ त्याचा. अंगठ्यात जाळं अडकवलंय. हात पसरलेला नाही, दोरा ओढतोय तो."

अगदी तसंच होतं. माझं डोकंच फिरलं. इतकी शिकलेली माणसं, पण त्याच्या पायाकडे एकानेही बघितलं नाही. कामावरच्या माणसाला भिकारी ठरवून भिंतीवर टांगून मोकळे.

काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, तर त्या गोड हसल्या. "ओह, हाउ इंटरेस्टिंग. फीडबॅक कार्ड भरता का?"

बाबांनी वाक्य सांगितलं: "तो भिकारी नाही, जाळं सांधतोय." मी ते इंग्रजीत लिहून दिलं.

परतीच्या ट्रेनमध्ये बाबा म्हणाले, "काय लिहिलंस ते सांग."

कार्डाचा फोटो होता. मी वाचलं, "माझी चूक असू शकेल, पण तो कदाचित जाळं सांधत असावा."

"मी 'कदाचित' म्हणालो होतो?"

"बाबा, इथे असंच लिहितात. ऑफिसमध्येसुद्धा. डायरेक्ट लिहिलं तर रूड वाटतं."

"मग त्यांनी 'कदाचित भिकारी' असं लिहिलं होतं का?"

विंचेस्टर स्टेशन गेलं तरी मी कार्डाचा फोटोच बघत होतो. पाटी लिहिणाऱ्याचा राग अजूनही आहे, पण स्वतःचा जास्त आला. ते 'कदाचित' मला कोणीही लिहायला सांगितलं नव्हतं.

घरी पोचल्यावर चित्रदालनाला ईमेल करायला बसलो. सवयीने बोटांनी आधी 'सॉरी टु बॉदर यू' टाइप केलं. बाबा शेजारीच उभे होते. ते खोडलं आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं.