न केलेलं बुकिंग

आमच्या घरात फोनवर बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. लेक लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून रोज दुपारी दोनला तिचा फोन यायचा आणि मायलेकी तासभर बोलत बसायच्या. मी बाजूच्या खोलीत पेपर वाचत असायचो. शेवटी बायको फोन माझ्या हातात कोंबायची. "कशी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" "मजेत." "गोळ्या घेता ना?" "घेतो." "बरं, ठेवते." एवढ्यात आमचं उरकायचं. त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण बाकीची बातमी जेवताना बायको देतच असे.

बायको गेली त्याला आता दोन वर्षं होतील. ती गेल्यावर आमच्या लक्षात आलं, की बापलेकीकडे बोलायला ती पाचसहा वाक्यंच आहेत. काही दिवस लेकीनं रोज दोनला फोन केला. मी "जेवलो" म्हणायचो, ती "बरं" म्हणायची आणि मग दोघंही गप्प. हळूहळू तो फोन दिवसाआड झाला, मग रविवारचा झाला. मी काही तक्रार केली नाही. पण घर खायला उठतं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. दोन वाजले की मी उगाच टीव्ही लावायचो आणि आवाज बंद करून बसायचो, फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माहेरी ते करणारंच कोणी उरलं नव्हतं, म्हणून नात पुण्यालाच झाली. बारशाला मी दोन दिवस जाऊन आलो. त्या घरात माझं सगळे नीट बघत होते, चहा तर इतका दिला की विचारू नका, पण नात माझ्या मांडीवर एकंदर दहा मिनिटं असेल. लगेच कोणीतरी यायचं आणि "द्या इकडे, तुम्हाला त्रास" म्हणून घेऊन जायचं.

नात सात महिन्यांची झाली आणि नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी माझ्याकडे चेन्नईला यायचं ठरलं. सगळे म्हणजे लेक, जावई, नात आणि व्याही-विहीण. विहीणबाईंना मैलापूरचं देऊळ बघायचं होतं आणि टी. नगरला साड्या घ्यायच्या होत्या. माझं घर चेन्नईच्या कडेला, आवडी नावाच्या उपनगरात, दोन खोल्यांचं. बाथरूम एक, तेही असं की नळ सोडला की पाणी दाराबाहेर येतं. त्यात व्याह्यांना उतरवायचं म्हणजे मलाच धडकी भरली होती. जावईच म्हणाले, "बाबा, तुमच्या बाजूला ते थीम पार्क आहे ना, त्याच्या रिसॉर्टमध्ये आपण सगळे तीन दिवस राहू. आम्हाला पाळणे-घसरगुंड्या, बाळाला बाग. तुम्ही तिथलेच आहात, तुम्ही बघून ठरवा." मी हो म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी दोन वाजता फोन वाजला. रविवार नव्हता. "बाबा, तिथे खोलीत पाणी गरम करायची किटली असते का? बाळाच्या बाटल्या उकळायला लागतात." मी म्हणालो, "बघून सांगतो." आणि सकाळी बस पकडून गेलोच.

माझी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका काढल्या आणि त्याबद्दल पगार घेतला. निवृत्त झाल्यावर ती सवय भाजीवाल्यावर आणि बँकेतल्या पोरींवर चालवत होतो, आता अख्खं रिसॉर्ट हातात आलं. स्वागतकक्षात एक तरुण मुलगी होती. "वांगो सार्," म्हणजे 'या साहेब', म्हणून तिनं हसून खोली दाखवली. किटली होती. पण मी दारं उघडून-मिटून पाहिली, बाळाची बोटं सापडतील का ते पाहिलं, खिडकीची कडी पाहिली, आणि दुपारी लेकीला सगळं सांगितलं. त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर मी घड्याळ पाहिलं तेव्हा माझाच विश्वास बसेना.

मग रोज काहीतरी निघायला लागलं. बाळाला पाळणा देतात का? देतात. त्याच्या गजांत फट किती? मी टेप घेऊन गेलो. फट मला जास्त वाटली. जेवणात मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण मिळेल का? मी थेट स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, भात कुळैवाच, म्हणजे गुरगुट्या करून देऊ, पण सांबारातली डाळ वेगळी काढायला सकाळीच सांगावं लागेल. व्याह्यांचे गुडघे दुखतात, खोली तळमजल्यावर मिळेल का? पार्कातल्या गाण्यांचा आवाज खोलीत किती येतो? त्यासाठी मी दुपारी झोपेच्या वेळी एका रिकाम्या खोलीत अर्धा तास बसून राहिलो. ती स्वागतकक्षातली मुलगी एव्हाना मला पाहिलं की हसू दाबायची, पण चाव्या काढून द्यायची.

या चौकशांच्या मध्ये मध्ये बाकीचंही येऊ लागलं. बाळाला खालचे दोन दात येताहेत. बाळ पालथं पडतं, पण परत उताणं वळता येत नाही म्हणून चिडतं. एकदा फोनवर मागून तिचा आवाज आला, नुसताच "अब्बब" असा, आणि लेक म्हणाली, "ऐकलंत का बाबा?" मी म्हणालो, "ऐकलं."  मग मी पाळण्याच्या गजांबद्दल बोलायला लागलो.

त्या महिन्याभरात मी सुखी होतो. सकाळी उठायला काम होतं. दुपारपर्यंत सांगायला बातमी गोळा व्हायची. जेवणसुद्धा मी वेळेवर करायला लागलो, कारण दोनच्या आत भांडी घासून मोकळं व्हायचं असायचं.

आणि मग लेक म्हणाली, "बाबा, सगळं चांगलं वाटतंय. आता करून टाका ना बुकिंग."

मी "उद्या करतो" म्हणालो आणि केलं नाही. खरं कारण त्याच दिवशी मला माहीत होतं, उगाच साळसूदपणा करत नाही. बुकिंग झालं की विचारायचं काही उरणार नव्हतं. विचारायचं काही उरलं नाही की पुन्हा "गोळ्या घेता ना" आणि "बरं, ठेवते". म्हणून मी फाटे फोडायला लागलो. कधी म्हणालो, पाळण्याचं मनाला पटत नाही, दुसरा मागवताहेत. कधी म्हणालो, तळमजल्यावरच्या खोलीत ओल वाटते, नवा रंग देणार आहेत. एकदा तर बुकिंगचे साहेब रजेवर आहेत असंही सांगून टाकलं. बत्तीस वर्षांत मी तपासणीच्या कागदावर एक खोटी ओळ लिहिली नव्हती.

"पण खोल्या मिळतील ना, बाबा? सुट्टीचे दिवस आहेत." लेकीनं दोनदा विचारलं. "मिळतील गं. ओळख झालीय माझी आता," मी म्हणालो.

शेवटी अगदीच गळ्याशी आलं तेव्हा गेलो. त्या मुलीनं पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं आणि हसणं थांबवलं. त्या तीन दिवसांतली एकही खोली शिल्लक नव्हती. "सार्, खोल्या भरताहेत, लवकर करा, असं मी तुम्हाला तीन वेळा म्हटलं होतं," ती तमिळमध्ये हळूच म्हणाली. खरंच म्हटलं होतं. मी तिथल्या सोफ्यावर बसलो. समोरून शाळेची सहल रांगेनं आत जात होती आणि पोरं किंचाळत होती.  व्याह्यांसमोर लेकीची मान खाली जाणार, ती माझ्यामुळे, एवढंच डोक्यात होतं.

फोन मीच केला. लेक रागावली नाही. पण मागून विहीणबाईंचं ऐकू आलं, "काय झालं? झालं नाही का त्यांच्याकडून?" जावयांनी फोन घेतला. "असू दे बाबा, मी बघतो." पाऊण तासात त्यांनी मोबाइलवर समुद्राच्या रस्त्यावरचं दुसरं एक रिसॉर्ट शोधलं. तिथंही पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या वगैरे होतं, फक्त खोल्या दोनच मिळाल्या. एकीत व्याही-विहीण, दुसरीत ती तिघं. "तुम्ही दिवसभर आमच्याबरोबर राहा बाबा, आणि संध्याकाळी घरी. तुमचीही दगदग नको." यात वाकडं काहीच नव्हतं. मीच घोळ घातला होता, मला कुठल्या तोंडानं बोलता येणार होतं?

त्यानंतर ते येईपर्यंत दोन वाजता फोन आला नाही.

ते आले त्या दिवशी मी आवडीहून लोकल, मग बस आणि शेवटी रिक्षा करत तिथं पोचलो. नातीसाठी मऊ टोपी घेतली होती. लेक दारातच भेटली. वाळली होती. मी हात पुढे केले, तर नातीनं माझ्याकडे एकदा टक लावून बघितलं आणि असा काही भोंगा पसरला की बागेतले लोक वळून बघायला लागले. विहीणबाई म्हणाल्या, "आजोबांची सवय नाही ना तिला." त्या मनानं वाईट नाहीत. जे दिसत होतं तेच त्या बोलल्या.

जेवणानंतर व्याही-विहीण आणि जावई पार्कात गेले. बाळ झोपलं होतं म्हणून लेक खोलीतच राहिली. मी माझे गुडघे पुढे केले आणि मीही राहिलो. गुडघे व्याह्यांचे दुखतात, माझे नव्हे, पण कोणी काही म्हणालं नाही.

लेक पलंगाच्या कडेवर बसली, मी खुर्चीत. बाळाच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. तिनं बाळाचं पांघरूण सारखं केलं. मग ती बाळावरून नजर न हलवता म्हणाली, "बाबा, बुकिंग तुम्ही मुद्दाम केलं नाहीत ना?"

मला वाटलं आता नाही म्हणावं. मी हो म्हणालो.

"का?"

"ते झालं असतं, तर तुझा फोन यायचा थांबला असता."

इतकं साधं वाक्य, पण ते बोलताना माझा आवाज फाटला. माझी मलाच लाज वाटली. मला वाटलं ती हसेल, नाहीतर चिडेल. ती खाली बघत होती.

"मला सगळं माहीत होतं बाबा," ती म्हणाली. "खोल्यांचे फोटो, जेवणाच्या वेळा, सगळं मोबाइलवर दिसतं. मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं सगळं."

"मग मला कशाला पाठवत होतीस?"

"सुम्मा." लहानपणी कॉलनीत खेळून उशिरा आली आणि कारण विचारलं, की ती हेच म्हणायची. उगाच, काही कारण नाही. "फोन करायला काहीतरी लागतं ना. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे विचारून झालं की तुम्ही गप्प होता. मला वाटायचं, तुम्हाला कंटाळा येतो."

"मला? कंटाळा?"

"घरात सगळे चांगले आहेत, बाबा. पण आपण घरी बोलायचो तसं, मध्येच तमिळ शब्द घालून, मी बोलले की त्यांना हसू येतं, म्हणून मी कमी बोलते. हे ऑफिसला जातात. आई दुपारी झोपतात." आई म्हणजे विहीणबाई. "दोन वाजले की बाळाला मांडीवर घेऊन बसते, आणि फोन हातात घेतला की आपल्या आईचंच नाव आधी येतं. ते अजून काढलेलं नाही मी."

मीही काढलेलं नाही, असं मला सांगायचं होतं. ते राहूनच गेलं. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती लहान होती तेव्हा बसत असे, त्यानंतर मी तिच्या इतका जवळ कधी बसलो, मला आठवलं नाही. तिच्या अंगाला दुधाचा आणि पावडरचा वास येत होता.

"मला कर की फोन," मी म्हणालो. "काम नसताना."

"आणि बोलू काय?"

हा प्रश्न रास्त होता. त्या दोघी रोज तासभर काय बोलायच्या, हे मी बाजूच्या खोलीत बसून कधी ऐकलंच नव्हतं. मी पुष्कळ विचार केला. शेवटी म्हणालो, "सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, ते सांग. आजचं नको. पुण्याचं. कुठलाही एक दिवस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सांगायला लागली. पाच वाजता बाळ उठतं. लंगोट बदलताना लाथा मारतं. चहा गार होतो, तो तसाच पिते. सहाला दूधवाला येतो तेव्हा दाराची घंटा वाजू नये म्हणून ती आधीच दारात जाऊन उभी राहते. जावई ऑफिसला निघताना डबा विसरतात, तो द्यायला एकदा तर ती चपला न घालता जिन्यावरून पळाली. बाळ अंघोळीला रडत नाही, अंग पुसताना रडतं. ते रडायला लागलं की कधी कधी तीही नळ मोठा सोडून रडून घेते. मी मध्ये काही बोललो नाही. हुंकार मात्र देत होतो, नाहीतर तिला वाटलं असतं मी पेपर वाचतोय.

बाहेर पायऱ्यांवर पावलं वाजली आणि विहीणबाईंनी दारावर टकटक केली. बाळ दचकून उठलं. लेकीनं घाईघाईनं डोळे पुसले आणि ती दार उघडायला गेली. ती अजून सकाळच्या नऊपर्यंतच पोचली होती.