खडूची खोटी खूण

पाड्यातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर मी खडूने खूण केली होती. घरातली सगळी माणसं तपासून झाली, आजारी कुणी राहून गेलं नाही, असा तिचा अर्थ. आमच्या भिंतीवरही केली. तेवढी एकच खूण खोटी होती.

२०१६ साल. डहाणूच्या पूर्वेला आमच्याच पाड्यावर मी आशाताई म्हणून काम करायचे. कुष्ठरोगाच्या तपासणीला घरोघर जायचं, बायकांना आडोशाला घेऊन अंग बघायचं. फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक लावायचं आणि विचारायचं, कळलं का? नाही कळलं तर आरोग्य केंद्रात पाठवायचं.

माझी मोठी जाऊ, मी तिला ताई म्हणते, चिकूच्या वाडीत मजुरीला जायची. चिकू नखाने जरा खरवडायचा; आत हिरवं दिसलं तर कच्चा. तिचं बोट सहसा चुकत नसे.

त्या दिवशी तिनेच बाही वर केली. "अगं बाय, साऱ्या पाड्याचं बघतेस, माझं पण बघ."

कोपराखाली चट्टा होता. मी पेन लावलं. डोळे मिटून ती हसत म्हणाली, "लाव ना आता, भाताला जायचंय मला."

मी केव्हाच लावलं होतं.

"गजकर्ण आहे," मी म्हटलं. "मलम देते."

माझ्या मुलीचं तेव्हा तलासरीकडे जमत आलं होतं. आमच्या घरात हा रोग आहे असं तिथे कळलं असतं तर पुढची बोलणीच झाली नसती. दोन महिन्यांत लग्न, की लगेच ताईला नेते, असं मी मनाशी ठरवलं. मग नवऱ्यामुलाचे आजोबा वारले. लग्न वर्षावर गेलं. वर्ष सरल्यावर तलासरीकडचे म्हणाले, भात घरात येऊ दे. मी थांबले. रोग थांबला नाही.

लग्नाच्या दिवशी ताई तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती. करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं. बोट तव्याला लागलं, ते तिला जळाल्याचा वास आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी नेलं. डॉक्टर म्हणाले, "बरा होतो हा आजार. गोळ्या फुकट आहेत. सुरू केल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. बारा महिने चुकवू नका." मग माझ्याकडे वळले. "तुमच्याच घरात, आणि एवढा उशीर?"

मी पिशवीत काहीतरी शोधत राहिले. बाहेर निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जंतू मरतील, पण नस कधीची गेली आहे. बोटांची फार आशा धरू नका.

दर महिन्याला गोळ्यांची पट्टी. त्यातला पहिला डोस केंद्रात, समोर बसून. पहिल्याच दिवशी लघवी लाल झाली तशी ती घाबरली. गोळीने तसं होतं हे सांगायचंच मी विसरले होते. पुढे अंगाचा रंग बदलला. "चिकूच झाले बघ," ती म्हणाली, "टाक टोपलीत." आणि मग, "काळी झाले तरी चालंल. बोटं सरळ होतील ना?"

"होतील," मी म्हटलं. दर पट्टीला म्हटलं.

२०१९ मध्ये शेवटची पट्टी संपली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, उपचार पूर्ण. परत येताना रिक्षाची वाट बघत आम्ही झाडाखाली बसलो. तिने हात मांडीवर ठेवला. "बरी झाले ना मी? मग हे कधी सुटायचं?"

तेव्हा मी सांगितलं. सुटणार नाही, हे. आणि चट्टा मी पहिल्याच दिवशी ओळखला होता, पोरीच्या लग्नासाठी लपवला, हेही.

रिक्षा आली, भरली, गेली. तिने मांडीवरचा हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "पोरीला सांगू नको. जिवाला लावून घेईल ती."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. शिवी दिली असती तर घेतली असती मी.

आता रोज संध्याकाळी तिचा हात पाण्यात भिजवते, तेल लावते, एकेक बोट धरून सरळ करते. ती तिकडे अंगणात बघत राहते. मी धरते तोवर बोटं सरळ असतात. सोडली की परत वळतात.