डाव्या दाराचं हँडल

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्या भागांचं माझं दुकान भिवंडीत कामतघरला होतं. तिथे गल्ल्याखालच्या खणात, पावतीपुस्तकांच्या मागे, मोटारीच्या दाराचं एक तुटकं हँडल वीस-बावीस वर्षं पडून होतं. कुणाच्या नजरेला पडलं आणि त्यानं विचारलंच, तर मी सांगायचो, "ही माझ्या वाट्याला आलेली इस्टेट." लोक हसायचे. मी हसत नसे.

ते हँडल दादाच्या अँबॅसेडरचं. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले आणि घर, शेत आणि मी, सगळंच त्याच्या ताब्यात गेलं. गवताच्या धंद्यात त्याचा जम बसला होता. वाडा रस्त्याच्या गावांतून वाळकं गवत घ्यायचं आणि गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं. त्या कमाईतून त्यानं एका कापडवाल्याची जुनी, काळी अँबॅसेडर घेतली. गावात दुसरी मोटार नव्हती. मी दहावी झाल्यावर त्याच्याच हाताखाली लागलो. भाव तो ठरवायचा, मी मान डोलवायची.

अंबाडी गावात एकदा मी मान डोलावली नाही. डोंगराकडच्या एका वारली म्हाताऱ्याचं गवत घ्यायचं होतं. दादाचा आणि त्याचा सौदा झाला होता. दादा पान खायला गेला तेवढ्यात मी गवत उपसून पाहिलं. खाली ओल होती. मी म्हाताऱ्याला चार लोकांसमोर झापलं आणि भाव पाडून घेतला. मला वाटलं, दादा पाठ थोपटेल.

गाडी नाक्यापर्यंत आली आणि त्यानं थांबवली.

"मी शब्द दिल्यावर तू भाव पाडतोस?"

"गवत ओलं होतं, दादा."

"ते मलाबी दिसलं होतं. उतर."

मी उतरलो. तो बोलावेल म्हणून दाराशी उभा राहिलो. त्यानं हात लांबवून आतून दाराला खटका लावला. मी हँडल धरलं आणि ओढलं. त्यानं गाडी सोडली. गाडी गेली, हँडल माझ्या हातात राहिलं.

त्या दिवशी मी अंबाडीहून भिवंडीपर्यंत चालत आलो. लूमवर रात्रपाळी केली, सुताच्या कांड्या भरल्या, भंगारातून लूमचे जुने भाग निवडून विकले, मग दुकान टाकलं. कुणाचा एक पैसा घेतला नाही. दादानं परत बोलावलं नाही. लग्नकार्यात, मयतीला भेटायचो. "बरं हाय ना?" "हाय." एवढंच. भाव पाडणं हा गुन्हा नाही, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही.

दोन हजार सालानंतर भिवंडीजवळच्या वळ गावच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहू लागली. मीही तिथे जागा घेतली आणि गोदाम बांधलं. छताला लोखंडी कैच्या, वर निळे पत्रे. उद्घाटनाला पुढाऱ्याला बोलवा, असं सगळे म्हणाले. माझ्या मनात एकच होतं. नारळ दादाच्या हातून वाढवायचा. त्यानं माझ्या दारात उतरावं, गोदाम या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहावं आणि चार लोकांसमोर म्हणावं, बरं केलंस. इतक्या वर्षांत मला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं.

आदल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा हात, डावा पाय गेला होता. मी त्याच्या घरी गेलो तर तो ओसरीवर खाटेवर बसलेला. वहिनी भाजी निवडत होती.

"नारळ वाढवायला यायचं," मी म्हणालो. "माझ्या गाडीतून नेतो, आणून सोडतो."

"तुझ्या गाडीत मी न्हाय बसायचा."

"मग आपल्या अँबॅसेडरमधून."

वहिनी मध्ये पडली. "त्यातबी न्हाय बसत ते, भावजी. एका दाराचं हँडल जागेवर न्हाय, बाकी तिन्ही गंजून अडकली. चारी दारं आतून उघडायची. ह्यांचा हात चालत न्हाय, मग कुणीतरी खिडकीतून हात घालायचा. मागं दवाखान्यासमोर असंच काढलं, तवापासून गाडीला हात लावू देत न्हाईत."

"खुराड्यातली कोंबडी काढतात तसा काढला मला," दादा म्हणाला. "लोक बघत होते." मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "दार बाहेरून उघडंल तवा सांग. येतो."

हा होकार होता. मी तो खिशात घालून निघालो.

हँडल मिळेल असं वाटलं होतं. कुर्ल्याच्या भंगारबाजारात दोन दिवस घालवले. नव्या मॉडेलची हँडलं पोत्यांनी होती. त्यांची भोकं या दारांना जुळत नव्हती. त्या जुन्या मॉडेलची सगळी गाड्यांसकट वितळली, असं एक जण म्हणाला. शेवटी मी गल्ल्याखालचा खण उघडला. माझ्याकडचं हँडल बुडाशी तडकलेलं होतं, पण तुकडे सगळे होते. आमच्या भिवंडीत लूमचा कुठलाही भाग तुटला की कारखानदार नवा शोधत बसत नाही, ओतून घेतो. हँडल काय वेगळं असणार?

माझ्या दुकानापासून चार गल्ल्या पलीकडे एक म्हातारे चाचा पितळ ओतायचे. मी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं माल घेत होतो. चारी दारांना चार हवीत, असं मी सांगितलं. त्यांनी तुकडे जोडून पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला.

"चार पीस? हो जाएगा. पण याच्यावरून साचा नाय घेणार, सेठ. लकडी का फर्मा लागेल. सुताराकडून. याच्यापेक्षा थोडा मोठा."

"मोठा कशाला? हेच माप पाहिजे."

"पितळ थंड होते तेव्हा सिकुडते. याच्यावरून घेतला तर माल लहान येईल. एक सूत का फरक, इंचाचा आठवा हिस्सा. लूमच्या दात्याला चालते. तुमच्या दाराला बटण आहे, बटणामागे खिळा आहे. खिळा बराबर कुलपाच्या जिभेवर बसला पायजे."

"किती दिवस?"

"फर्म्याला आठ. मग आपलं काम."

उद्घाटन बारा दिवसांवर होतं. आणि फर्म्याचे पैसे वेगळे. विकणारा एक काम सांगतो आणि त्याच्या पोटातून दुसरं काम काढतो, हे मी जन्मभर पाहत आलो होतो, करतही आलो होतो. मला तिडीक आली.

"चाचा, पंधरा वर्षं तुमचा माल विकतोय. मला ओतकाम शिकवू नका."

"विकताय. ओतत नाय," चाचा म्हणाले.

तिथे काम करणारे दोघे हसले. मी हँडलचे तुकडे फडक्यात गुंडाळले आणि उठलो. हा माझा नेहमीचा डाव. वस्तू उचलायची, उठायचं, दाराबाहेर सावकाश दहा पावलं टाकायची. सातव्या-आठव्या पावलाला मागून हाक येते आणि भाव उतरतो. आयुष्यात मी जे काही मिळवलं त्यातलं निम्मं या दहा पावलांवर मिळवलेलं. त्या दिवशी मी दहा टाकली, वीस टाकली, गल्लीच्या तोंडाशी बिडी पेटवायला थांबलो. हाक आली नाही. आत पंखा चालू झाल्याचा आवाज आला, भट्टीचा.

मी नारपोलीच्या एका ओतणाऱ्याकडे गेलो. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही, चार दिवसांत चार हँडलं दिली. चकचकीत, वर निकेल चढवलेली. मी चाचांच्या गल्लीवरून मुद्दाम गेलो.

बसवताना मेकॅनिक कुरकुरला. भोकं जुळत नव्हती. त्यानं कानशीनं मोठी केली, वायसर टाकले. मागचं डावं दार, दादाच्या बसायच्या बाजूचं, मी स्वतः तपासलं. बटण दाबलं, उघडलं. पुन्हा दाबलं, नाही उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं.

"सेठ, हे डुगडुगतं. परत काढू या का?"

"नवीन आहे. सरावेल," मी म्हणालो.

पितळ सरावत नाही, हे मला कळत होतं. पण त्याला काढ म्हटलं असतं तर चाचा बरोबर ठरले असते.

उद्घाटनाच्या सकाळी अँबॅसेडर मीच चालवली. ज्या गाडीतून उतरवलं गेलो तिचं चाक माझ्या हातात होतं आणि दादा मागे बसला होता, ही गोष्ट मला गोड वाटत होती, खोटं कशाला सांगू. वहिनी त्याच्या शेजारी. घरून निघताना त्यानं चालण्याच्या काठीनं नव्या हँडलवर टकटक केलं.

"कुठं मिळालं?"

"ओतून घेतलं. अंबाडीवालं होतं माझ्याकडं, त्याच्यावरून."

दार तेव्हा उघडलं, तो आत बसला. बऱ्याच वेळानं, अंजूर फाट्याच्या पुढे, म्हणाला, "ठेवलं होतंस होय?"

मी आरशात पाहिलं. तो बाहेर पाहत होता. मला वाटलं, आता बोलेल. रस्ता कंटेनरनी खणून ठेवलेला. खड्ड्याखड्ड्याला दारं खडखडत होती.

गोदामासमोर मांडव होता. माणसं उभी होती, भटजी, व्यापारी, गावची मंडळी, चहाचे कप घेऊन. मी गाडी बरोबर दारासमोर आणली, उतरलो, वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. सदरा सारखा केला. बटण दाबलं.

दार उघडलं नाही.

पुन्हा दाबलं. आत खिळा कशाला तरी घासून निसटत होता, अंगठ्याला कळत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "सेठ, जोर लावा, नवीन माल हाय!" कुणी हसलं. दादा काचेतून माझ्याकडे पाहत होता. मी डोळ्यांनी त्याला सांगितलं, थांब. अंगठ्यानं दाबून धरलं, वर उचललं, खाली रेटलं. कान तापले. अशा वेळी माझा हात माझा राहत नाही. मी दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

वायसर वाजत जमिनीवर पडले. हँडल माझ्या हातात आलं.

वहिनीनं आतून हात लांबवला, दार उघडायला. दादानं तिचा हात चांगल्या हातानं धरला आणि बाजूला केला. मग काच खाली करायला सांगितली.

"अजून तसाच हायस," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. त्यामुळे जवळच्या पाच-सहा जणांना नीट ऐकू गेलं. "गाडी घरी घे."

"दादा, आतून उघडतं. एक मिनिट."

"घरी घे."

"निदान नारळ तरी. इथं बसून हात लाव, मी वाढवतो."

त्यानं काच वर करायला सांगितली. वहिनी माझ्याकडे बघत काच वर करत राहिली.

मी हँडल सीटवर टाकलं आणि त्यांना घरी सोडलं. त्यांच्या अंगणात वहिनीनं दार आतून उघडलं आणि त्याला धरून उतरवलं. तो माझ्याकडे न बघता ओसरी चढला. मी परत आलो तोवर नारळ गावच्या एका म्हाताऱ्यानं वाढवला होता. जेवणं चालू होती. लोक म्हणाले, गोदाम छान झालं. सगळे म्हणाले.

महिन्याभरानं मी चाचांकडे गेलो. तुकडे पुढे ठेवले.

"फर्मा करा. सुताराला सांगा, वेळ घेऊ दे."

चाचांनी भाव सांगितला. मी मान डोलावली.

ते माझ्याकडे बघत राहिले. "तबियत ठीक आहे ना, सेठ?" आणि स्वतःहून भाव खाली केला.

त्यांची हँडलं बसली. भोकं न घासता, वायसर न टाकता. एका बोटानं दाबलं की दार मऊ आवाज करून सुटायचं. मी दादाला सांगायला गेलो. "बरं," तो म्हणाला. दसऱ्याला नेतो म्हणालो, पाडव्याला नेतो म्हणालो. त्याला कधी ऊन लागत होतं, कधी पाय दुखत होता. त्यानंतर तो तीन वर्षं जगला. त्या गाडीत बसला नाही आणि माझ्या गोदामावर आला नाही. अंबाडीच्या दिवसाबद्दल मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. शेवटच्या वेळी दवाखान्यात नेलं तेही शेजाऱ्याच्या टेंपोतून.

त्याच्या तेराव्यानंतर वहिनीला तिच्या माहेरी सोडायचं होतं. मी अँबॅसेडर काढली. मागचं डावं दार बाहेरून उघडून उभा राहिलो. तिनं दाराकडे पाहिलं, हँडलवरून बोट फिरवलं.

"आता उघडतं होय?"

"तीन वर्षं उघडतंय, वहिनी."

"मी म्हटलं होतं त्यांना, एकदा बसून बघा," ती म्हणाली. "ते म्हणाले, त्यानं भाव न पाडता करून घेतलं म्हणतात, तर असंल चांगलं."

ती वळसा घालून पलीकडच्या दारानं बसली, तिच्या नेहमीच्या जागी. मी डावं दार तसंच लावून घेतलं.