डुकरीचा हिरवा

सदर इसम नामे नानाजी महादेवराव चाफले, राहणार आर्वी, जिल्हा वर्धा. धंदा पूर्वी मालवाहतूक, हल्ली निरंक. बांधा मध्यम, वर्ण सावळा, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरता; कारण, दारावर कोपर टेकून गाडी हाकण्याची सवय. अपत्ये दोन, पैकी हयात एक. जंगम मालमत्तेत विलायती बनावटीची पिकअप गाडी एक, सरकारी खात्याने वापरून कंटाळल्यावर लिलावात काढलेली. गाडीचा रंग हिरवा. गाडीची सद्यस्थिती: उभी.

आर्वीत या गाडीला डुकरी म्हणत. पुढे आलेलं नाकाड आणि चढावर निघणारा आवाज पाहता नाव अन्यायाचं नव्हतं. डुकरीने सरकी-ढेपेची पोती वाहिली, लग्नाची भांडी वाहिली, गणपती नेले आणि अडल्यानडल्याला आजारी माणसंही नेली. १९९२ च्या पावसाळ्यात नानाजींची मुलगी माधवी तापाने फणफणली. सहावीत होती. ताप डोक्यात गेला तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी वर्ध्याला न्यायला सांगितलं. मागे ताडपत्रीखाली सुलोचनाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, पुढे नानाजी. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेची घरं दिसायला लागली आणि पोरगी गेली. दवाखान्याने पुढे जे लिहून दिलं ते फक्त नियमाप्रमाणे. तिला घेऊन दोघं त्याच गाडीतून परतले.

त्यानंतर सुलोचनाबाई डुकरीत बसल्या नाहीत. वर्ध्याला जायचं तर एस.टी. नानाजींनीही गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली लावली आणि भाड्याची जीप चालवू लागले. या विषयावर नवराबायकोत बोलणं झालं नाही. त्यांच्यात तसंही बोलणं बेताचंच होतं. ते आणखी बेताचं झालं.

२००४ मध्ये सुलोचनाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि गुडघ्यांनी एस.टी.ची पायरी चढायला नकार दिला. ऑपरेशन वर्ध्याला. मुलगा प्रफुल्ल पुण्याला नोकरीत. त्याने फोनवर सांगितलं की जीप करून जा. नानाजींनी जीप केली नाही. त्यांनी डुकरीचं इंजिन उतरवलं. बायकोला आपल्या गाडीत बसवून न्यायचं, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. ती बसत नाही ती त्या हिरव्या रंगामुळे, हेही त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. रंग बदलला की गाडी ती राहणार नाही आणि ती गाडी नसली की सुलोचना बसेल. हिशोबात चूक नव्हती, फक्त तिला विचारायचं राहिलं होतं.

इंजिन लागलं. मग रंगाला किसनराव पेंटर आले. फाळक्यावर, म्हणजे मागच्या उघडत्या फळीवर, नमुन्याचे पट्टे ओढायचे आणि गिऱ्हाइकाला आठवडाभर उन्हात पाहू द्यायचे, ही त्यांची पद्धत. रंग दुकानात वेगळा दिसतो आणि उन्हात वेगळा, आणि वर्धा जिल्ह्यात उन्हाची टंचाई नाही. प्रफुल्लला जुन्या गाड्यांना आता भाव आहे असा शोध लागला होता. त्याने रंगीत चित्रं पाठवली: खाली किरमिजी, वर दुधी, मधून चकचकीत पट्टी. नानाजींनी चित्रं बायकोसमोर धरली. तिने डोळ्यांना चिकटवून पाहिली आणि परत दिली.

मग सुलोचनाबाईंच्या तोंडून एकेक पट्टा निकालात निघाला. लाल केली तर लोक तिच्यात पत्रं टाकतील. पिवळी केली तर शेजारीण पोरांना डबे देऊन सकाळी दारात उभी करेल. निळी पोलिसांची वाटते. पांढरा पट्टा पाहून त्या उठून घरात गेल्या. किसनरावांनी तो पट्टा आपणहून पुसला. नानाजींना वाटलं, पट्ट्यांच्या शेजारी जुना हिरवा दिसतो म्हणून हिला काही पसंत पडत नाही. सुलोचनाबाई भावाने आणलेल्या जीपमधून त्याच्याकडे पुलगावला गेल्या तेवढ्यात त्यांनी घासाई काढली. किसनरावांच्या उभ्या हयातीत कामात कसूर झाल्याच्या पुष्कळ तक्रारी होत्या. या वेळी त्यांनी एकही तक्रार येऊ दिली नाही. पत्रा उघडा केला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरली, वर तांबूस अस्तर मारलं.

सुलोचनाबाई परत आल्या तेव्हा अंगणात विटकरी रंगाची गाडी उभी होती. त्यांनी जवळ जाऊन दारावर हात फिरवला.

"हिरवा कुठी गेला?"

"घासून टाकला. तुह्यासाठीच त."

"समदा?"

किसनरावांनी अभिमानाने सांगितलं की बॉनेट आतूनसुद्धा घासलं आहे.

सुलोचनाबाई ओट्यावर बसल्या. "अन् आता पोरगी गाडी ओळखन कशी?"

किसनराव ब्रश धुवायला म्हणून गेले ते त्या दिवशी आलेच नाहीत.

चाफल्यांच्या घरात रीत अशी, की मेलेलं माणूस नाल्यापलीकडून आणायचं असेल तर पुलावर थांबायचं, खाली उतरायचं आणि घरच्या कर्त्याने नाव घेऊन हाक मारायची. नाही तर जीव पलीकडच्या काठावर राहतो, वाट पाहत. वर्ध्याच्या वाटेवर असा एक नाला आहे. माधवीला आणताना नानाजी तिथे थांबले नव्हते.

"थांबवली असती त चालू नसती झाली," नानाजी म्हणाले. "बॅटरी बसली होती. तिले घेऊन रस्त्यात उभं राह्यचं का पावसात?"

"मी किती टीन ठोकला मागून."

"मले वाटलं तू रडून राह्यली."

"रडतबी होती. ठोकतबी होती."

एस.टी. त्या पुलावर थांबत नाही. थांबली असती तरी उपयोग नव्हता, पोरीने एस.टी. कशाला ओळखायची, ती गेली डुकरीतून. एवढी वर्षं सुलोचनाबाई डुकरीत न बसण्याचं कारण रंग नव्हताच. नवऱ्याने एकदा आपणहून म्हणावं, चाल, आणू तिले, एवढ्यासाठी त्या थांबल्या होत्या. हे सांगायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं आणि हे विचारायचं असतं हे नानाजींना.

दुसऱ्या दिवशी हिरव्याचा शोध सुरू झाला. जुन्या रंगाचा नखाएवढा पोपडाही उरला नव्हता. किसनरावांनी फाळक्यावर पोपटी ओढला, मेंदी ओढला, बाटलीचा ओढला. सुलोचनाबाई नाक टेकवून पाहत. त्यांच्या मते हिरव्यात थोडा पिवळा होता, नानाजींच्या मते निळा. मग बोलणं निघे. तिच्या शाळेच्या रिबिनीपेक्षा गडद, सुलोचनाबाई म्हणत. त्यावर नानाजी म्हणत, रिबीन लाल होती. लाल पंधरा ऑगस्टची, रोजची हिरवी. तुमी कधी पाह्यलं का पोरीकडे? पाह्यलं नसतं त तिच्या सायकलले तोच रंग कोणी मारला होता? सायकल कुठे आहे? सायकल भंगारात. कोणी दिली? इथवर आलं की किसनराव डब्यात आणखी एक थेंब पिवळा टाकत. एवढ्या वर्षांत पोरीबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते, आणि बोलत होते ते भांडूनच. प्रफुल्लने फोनवर विचारलं की किरमिजीचं काय झालं. नानाजींनी सांगितलं की चालू आहे.

अखेर एका पट्ट्यावर बोट ठेवून सुलोचनाबाई म्हणाल्या, "हाच." पिकल्या मोतीबिंदूतून त्यांना कितपत दिसलं कोण जाणे. नानाजींना चांगलं दिसत होतं. तो हिरवा तो नव्हता. ते किसनरावांना म्हणाले, मारा.

वर्ध्याला दोघं डुकरीतूनच गेले. ऑपरेशन व्यवस्थित झालं. परतताना सुलोचनाबाईंच्या डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा होता. नाल्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "रंग तोच हाय ना?"

"तोच."

पुलाच्या तोंडाशी नानाजींनी गाडी थांबवली आणि बॅटरी नवी असल्याने इंजिनही बंद केलं. ते उतरले. दुसऱ्या बाजूने सुलोचनाबाई उतरल्या आणि त्यांनी आपल्या बाजूचं दार सताड उघडं धरलं. नानाजींची हाक मारायची सवय मोडली होती.

"माधवे," ते म्हणाले. "चाल व बाई. घरी चाल."

नाल्यात पाणी नव्हतं. एक सायकलवाला थांबून दोघांकडे पाहून गेला. सुलोचनाबाई दार धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग चढल्या, दाराला चिकटून बसल्या आणि मधे एका माणसाची जागा सोडली.

आर्वी येईपर्यंत ती जागा रिकामीच होती.