लायसनचा फोटो आणि आमची आत्या

कसं सांगू राव, अजून कोणी लायसन काढलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात!

तळेगाव स्टेशनजवळ माझं स्कूटर भाड्यानं द्यायचं दुकान आहे. एका शनिवारी वाकडची एक मुलगी आली. इथल्या कंपनीत दोन दिवसांचं काम, म्हणून गाडी हवी होती. लायसन मोबाइलमध्ये होतं. तिनं स्क्रीन पुढे धरली.

"बघा काका."

बघून गप्प बसावं ना? छे! मी फोन काढला आणि खटकन फोटो घेतला.

"फोटो कशाला?"

"पद्धत आहे आमची," मी रुबाबात म्हणालो. कसली पद्धत? माझीच!

तो फोटो भागीदारासाठी दुकानाच्या ग्रुपवर टाकायचा होता. त्या ग्रुपचं नाव 'आपली गाडी'. त्याच्याच खाली नातेवाइकांचा ग्रुप, 'आपली माणसं'. बोट कुठं पडलं, हे सांगायला हवं का?

रविवारी सकाळी त्या मुलीचा फोन.

"काका, तुमच्या आत्या आमच्या सोफ्यावर बसल्यात. नारळ घेऊन."

घामच फुटला! आमच्या चाकणच्या आत्याच्या मुलाचं लग्न जमता जमत नव्हतं. आणि लायसनवर काय नसतं हो? फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता... आत्याला वाटलं, भाच्यानं स्थळच धाडलं!

"त्यांना फोन द्या हो," मी गयावया केली.

"आरं, पोरगी लई गुणाची हाय!" आत्या खुशीत. "तू तर रक्तगटबी कळवलास. एवढं कोन कळवतं रं?"

"आत्या, ती गिऱ्हाईक आहे! स्कूटर न्यायला आली होती!"

आत्याचा आवाज एकदम बारीक झाला, "आता काय करू? म्या तर तिला भाकरी येती का इचारलं."

बिचारी हात जोडून, माफी मागून परतली. नारळ तिथंच विसरली.

संध्याकाळी मुलगी गाडी परत द्यायला आली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"आज तुमच्या आत्या आल्या, काका. दुसरं कोणी आलं असतं तर? आई घाबरली होती. आमचा पत्ता किती जणांकडे गेला?"

ग्रुपातला एकेक माणूस आठवत गेला आणि माझी मान खाली गेली. फोटो मी ग्रुपवरून काढला. फोनमधले आधीच्या गिऱ्हाइकांचेही तिच्यासमोर पुसले.

"लायसन बघायचं, खरं आहे ना तपासायचं, बास. ठेवून घ्यायचं नाही," ती म्हणाली. "बरं, आता तुमचं दाखवा."

मी मुकाट्यानं लायसन उघडून फोन पुढे केला. तिनं आपला मोबाइल वर उचलला मात्र, मी झडप घालून स्क्रीनवर पंजा ठेवला.

"अहो ताई, फोटो नको! त्यात माझी जन्मतारीख आहे!"

तिनं हसत मोबाइल खिशात ठेवला. आणि मी, तिचं वय अख्ख्या खानदानाला कळवणारा शहाणा, स्वतःचं झाकून उभा!