घोरती है

माझी ओवी माझ्या हिंदीमुळे गेली.

आज वर्ष झालं.

साताऱ्याहून लखनऊला बदली होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मराठी वाक्याच्या शेवटी ‘है’ लावलं की झाली हिंदी, असा माझा खाक्या. ऑफिसात सगळे हसायचे. मीही हसायचो.

ओवी पाच वर्षांची. निशातगंजच्या घरात खुर्चीवरून पडली, ओठ फाटला. बायको, वैशाली, ड्यूटीवर होती. मोठ्या समीक्षाला सोबत घेऊन मी जवळच्या इमर्जन्सीत पळालो.

डॉक्टर मॅडम प्रेमळ होत्या. म्हणाल्या, टाके घालताना हलेल, झोपेचं इंजेक्शन देते. मग विचारलं, “बच्ची को और कोई तकलीफ़?”

म्हटलं, “मॅडम, बहुत घोरती है.”

ओवी डोळे वटारून त्यांच्याकडेच बघत होती. मॅडम हसल्या. “घूरने दीजिए भैया, डरी हुई है.”

मला वाटलं, म्हणतायत घोरू दे, काही बिघडत नाही.

टाके छान पडले. मग ओवी घोरू लागली. तेवढ्यात एक ॲक्सिडेंटची केस आली, सगळे तिकडे धावले.

मग घोरणं थांबलं.

आणि मी मूर्ख माणूस समीक्षाला म्हणालो, “बघ, आता कशी शांत झोपली.”

ओठ निळे दिसले तेव्हा ओरडलो. दोन दिवस मशीनवर ठेवली. मग तेही काढलं.

मॅडम रडत होत्या. टॉन्सिल्स मोठे, त्यात गुंगीचं औषध, श्वासाची वाटच बंद झाली म्हणाल्या. “खर्राटे लेती थी? बताना था ना!”

“बोला था! घोरती है, बोला था!”

समीक्षाने माझा शर्ट ओढला.

“बाबा, उसको खर्राटे बोलते हैं. घूरना मतलब टकटक देखना.”

घरातही हिंदी बोलणारी ही दहा वर्षांची पोरगी. त्या दिवसापासून माझ्याशी फक्त मराठीत बोलते. तेही कामापुरतं.

वैशाली, हे मी तुला सांगितलं नाही. समीक्षालाही सांगू दिलं नाही. वर्षभर तू त्या मॅडमना शिव्याशाप देत राहिलीस, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवत राहिलो.

समोर बसून सांगायची हिंमत नाही गं, म्हणून इथे या पोस्टमध्ये लिहितोय. काय बोलायचं ते मला बोल. पोरीला काही विचारू नकोस.

ओवी, बाळा, तुला श्रद्धांजली तरी कुठल्या तोंडाने वाहू?