शालन आणि जयसिंगरावांचा अंगठा

पुण्यात बिबवेवाडीतल्या एका छोट्या दवाखान्यात शालन बावीस वर्षं जखमा धुते, पट्ट्या बांधते. शाळेत माझ्या वर्गात होती तेव्हा शेजारणीच्या वहीतली चूकही तिला सहन होत नसे. आता चुका माणसांच्या पायांवर असतात, एवढाच फरक.

जयसिंगराव कात्रजहून रोज यायचे. मधुमेह, आणि पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. तीन आठवड्यांत सुधारणा नाही दिसली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी माझा रक्तदाब तपासून घ्यायला जाई, त्यामुळे बाकावरून बरंच कानावर पडे.

जयसिंगराव घरी स्वतःच जखम पिळत आणि घाण काढली म्हणून अभिमानाने सांगत. शालन कपाळाला हात लावी. पू म्हणजे नुसती घाण नव्हे, जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात त्यात, हे तिने चारदा समजावलं होतं. पेशी जंतूला वेढते, गिळते, आतल्या आत विरघळवते. पण रक्तात साखर फार झाली की ती सुस्तावते.

"तुमच्या पेशींचं दुकान एक ते चार नाही, दिवसभर बंद आहे," शालन म्हणाली.

"ताई, मी गोडाला शिवत नाही."

ते खरंही होतं. शालन चिडून त्यांच्या रोजच्या साखरेचे जुने आकडे चाळू लागली. सोमवार, गुरुवार, शनिवार. साखर तीनशेच्या वर. बाकीच्या दिवशी बरी.

"या तीन दिवशी काय असतं?"

"उपवास. सोमवार पहिल्यापासून आहे. बाकीचे दोन या अंगठ्यासाठीच धरले."

खातात काय, तर दोन वेळा साबुदाण्याची खिचडी, वर रताळं, केळी. गोड नसलं तरी हे सगळं पोटात जाऊन साखरच होतं, हे शालनने त्यांना सांगितलं. मग तिने उपवासांना हात न लावता ताट बदललं. डॉक्टरांना विचारून राजगिऱ्याची एक भाकरी, ताक, काकडी ठरवली, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत असं दोनदा वदवून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या कडा लालसर, स्वच्छ झाल्या. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, राहू दे.

जयसिंगरावांचे डोळे भरून आले. "ताई, देवाचे आभार मानायला आता रविवारही धरतो."

शालनने मान वर केली नाही. पट्टीची गाठ जरा जास्तच घट्ट ओढली, मग सैल केली.

"काकडीवर धरणार असाल तर धरा."